ओढ्यातले, झाडावरचे, पुरून घेणारे

९ एप्रिल

प्रिय आत्या,

फोनवर तुला कंप्रेसरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही आणि मी काहीही विचारलं तरी तू "हो, जेवले" म्हणतेस, म्हणून हे पत्र. तुमच्या बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर आमच्या संशोधन केंद्रासमोरच्या मासळीवाल्याकडे लाद्या उतरवायला येतो. त्याच्याच हाती पत्र देतेय आणि त्याच्याच गाडीत चार डबे चढवतेय. डबे उघडायच्या आधी पत्र वाच, एवढं माझ्यासाठी कर.

डब्यांत बेडूक आहेत.

माझं काम मी तुला एकदा समजावलं होतं, तेव्हा तू म्हणालीस की एवढं शिकून शेवटी बेडूकच बघायचे होते, तर लहानपणी तुला विहिरीवरून ओढून कशाला आणलं आम्ही. पुन्हा सांगते. आपलं अंग स्वतःची ऊब सांभाळतं, बेडकाचं तसं नाही. भोवतालचं जितकं तापेल तितका तो तापतो. कोणता बेडूक कुठवर सोसतो ते मी मोजते. पाणी हळूहळू कोमट करत न्यायचं आणि मधूनमधून बेडकाला उताणं करायचं. ज्या घडीला तो सुलटा व्हायचा नाद सोडतो तिथे थांबायचं, आकडा लिहायचा, लगेच त्याला गार पाण्यात सोडायचं. मरत नाही, नाराज होतो.

इकडे उन्हाळा चढलाय आणि केंद्रातलं थंड ठेवायचं यंत्र दुरुस्तीला काढलंय. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, खिडक्या उघडा. उघडल्या. आता बाहेरचं ऊनही आत आलंय. मला तुमच्या कारखान्याची पुढची खोली आठवली, बर्फाच्या कोठाराला भिंत लागून असलेली. यंत्र नीट होईपर्यंत यांना तिथे ठेवशील का?

छोटी तपकिरी जोडी ओढ्यातली. सगळा जन्म सावलीतल्या वाहत्या पाण्यात काढलाय. ऊन म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून सगळ्यात आधी हीच कोलमडतात. मोठा हिरवा तो झाडावरचा. उघड्यावर पानांत वाढलेला, चिवट आहे. गोल गरगरीत तो मातीत पुरून घेणारा. तो फारसा काटक नाही, पण उकडायला लागलं की जमिनीत जातो आणि गार झाल्याशिवाय वर येत नाही. चौथा डबा म्हणजे पाण्याचा टबच, त्यात डबक्यातली शेपटीवाली पिल्लं आहेत. ती पुष्कळ ऊन सोसतात, पण त्यांचं डबकंही तेवढंच तापतं आणि उठून दुसरीकडे जायला त्यांना पाय नसतात.

तेव्हा सगळ्यांना सारखं गार नको. कोण भिंतीच्या किती जवळ, ते बघून ठेव. आतोबांना नमस्कार. यंत्र नीट झालं की मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

तुझी
ठकी


१३ एप्रिल

चि. ठके,
मोठी तू झालीच आहेस, आता शहाणी हो, हा आशीर्वाद.

ड्रायव्हरने पत्र डब्यांच्या खाली ठेवलं होतं, म्हणून डबे आधी उघडले गेले. झाकणावर "गार ठेवा" एवढंच दिसलं. बर्फाच्या कारखान्यात बाई हे वाचून काय करील? मी ओढ्यातली जोडी उचलून थेट कोठारात, लाद्यांच्या मध्ये नेऊन ठेवली. चहा पिऊन बघायला गेले तर दोघं लाकडासारखी.

मला फार लागलं ते. पाहुणे म्हणून आलेली, आणि आल्या दिवशीच हे. आतोबांनी खुरपं घेतलं आणि मागच्या नळाजवळ वीतभर खड्डा केला. मी दोन चांगले शब्द बोलून निरोप दिला. नवरा-बायको की बहीण-भाऊ ते माहीत नव्हतं, म्हणून मोघमच बोलले. आतोबा माती लोटणार तेवढ्यात नवऱ्याने (आता वागण्यावरून तो नवराच वाटतो) एक पाय लांब केला. मग दुसरा. मग बायकोच्या डोक्यावर पाय देऊन तो खड्ड्याबाहेर आला. तिचं तिला यावं लागलं.

त्यानंतर पत्र वाचलं. आता जोडी भिंतीला टेकून, परातीत, वितळलेल्या बर्फाचं पाणी थेंबथेंब पडतं तिथे आहे. टब खोलीच्या मध्यावर. गरगरीत महाराज कोपऱ्यात मातीच्या कुंडीत गेले ते गेलेच. कुंडीला मी "आहे" अशी चिठ्ठी लावली आहे. हिरवा दाराशी, कुंडीतल्या रोपावर. खिडकीला ओलं पोतं टांगलंय.

आतोबांनी पाटीवर एक सूचना लिहिली आहे, तीच पाटी जिच्यावर आपण गिऱ्हाइकांच्या लाद्या लिहितो. ते हल्ली पाटीवरच लिहितात. सूचना अशी, की जोडीला रोज थोडं थोडं उन्हात बसवावं म्हणजे सवय होईल. कसं?

इकडे कारखाना जोरात चालू आहे, हवे तितके दिवस ठेव. आतोबांची तब्येत बरी आहे. बोलणं जरा कमी झालंय, पण या वयात घशालाही विसावा लागतो. ड्रायव्हर फार बडबड्या आहे, त्याचं काही मनावर घेऊ नकोस.

तुझी
आत्या


१७ एप्रिल

प्रिय आत्या,

जोडी वाचली हे वाचून मी मासळीवाल्याच्या दारातच ड्रायव्हरला चहा पाजला. अतिगारठ्यात ती बधिर होतात, पुन्हा तसं करू नकोस. परात, भिंत, थेंब, हे अगदी बरोबर.

आतोबांना सांग, सवयीचा प्रयोग आम्ही करून बघितलाय. रोज थोडी ऊब देत गेलं तर बेडूक थोडंसं जास्त सोसायला शिकतो, पण अगदी चिमूटभर. ऊन मात्र ओंजळीने वाढतंय. प्रत्येक जातीची एक मर्यादा असते, ती त्यांच्या पिढ्या जिथे राहिल्या तिथल्या हवेने ठरवलेली, आणि एका उन्हाळ्यात ती हलत नाही. शिवाय बेडूक कातडीतून पाणी सोडून गार होतो. कोरडा पडला की आधी ताकद जाते, मग ऊन लागतं. म्हणून खिडकीचं पोतं सुकू देऊ नका.

आतोबा पाटीवर का लिहितात?

इकडे सगळं ठीक. यंत्राचे सुटे भाग यायचे आहेत. आमच्या फाटकाला कुलूप दिसलं असं ड्रायव्हर म्हणाला असेल, तर रंगकाम चालू आहे म्हणून आहे ते.

तुझी
ठकी


४ मे

चि. ठके,
सुखी राहा आणि सावलीत राहा.

उशीर झाला, कारण आमच्यावर चौकशी बसली आहे.

तुझा हिरवा पळाला. दार उघडं राहिलं, तो लाद्यांवर टाकलेल्या ताडपत्रीत शिरला आणि गाडीबरोबर बाजारात गेला. रसवाल्याने लादी उतरवली तेव्हा हा तिथून उडी मारून पंख्याच्या दांड्यावर जाऊन बसला आणि उतरेना. बाहेर डांबर पातळ झालेलं, पण याला काही नाही. ड्रायव्हर संध्याकाळी त्याला डब्यात घालून घेऊन आला, तोवर एका गिऱ्हाइकाने तक्रार केलीही होती, की अमक्या कारखान्याच्या बर्फात बेडूक निघाला.

दुसऱ्या दिवशी अन्न खात्याचे निरीक्षकसाहेब आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा शेंदरी. मी त्यांना पुढच्या खोलीत नेलं. ते भिंतीजवळच्या स्टुलावर बसले आणि पाठ भिंतीला लावून सदरा सुकवत राहिले. मग म्हणाले, "प्रकरण गंभीर आहे. रोज यावं लागेल."

तेव्हापासून रोज येतात. फायली घेऊन येतात, दुपारचा डबा इथेच खातात. तिसऱ्या दिवशी त्यांनी दारावर कागद लावला, की चौकशीशी संबंध नसलेल्या माणसाला या खोलीत प्रवेश नाही. परिणाम असा झाला की सगळ्या गावाचा संबंध निघाला. रसवाला साक्षीदार, तो आलाच. समोरच्या शिंप्याने हिरवा गाडीत चढताना पाहिला म्हणे. पोस्टमन म्हणाला, आपण पाहिला नाही, पण पाहिला नाही हीसुद्धा साक्षच आहे. साहेबांना ते पटलं. साहेबांची बायको सातव्या महिन्यात आहे, घरी पत्र्याखाली तिचा जीव घाबरा होतो. तिची साक्ष सगळ्यात लांबली आहे. तिला घटनेबद्दल काहीच माहीत नाही आणि तेच सविस्तर लिहून घ्यायचं काम चालू आहे.

एवढी माणसं कुठे बसवायची हा प्रश्न होता. तुझं पत्र होतं, मी तसंच केलं. ज्यांना ऊन अजिबात सोसत नाही ते ओढ्यातले, भिंतीपाशी. शिंपी, रसवाला, पोस्टमन हे झाडावरचे, दाराशी. शेजारी लाद्यांवर टाकायचा भुसा ठेवतो त्या खोलीत पुरून घेणारे. निवृत्त मुख्याध्यापक तिथे जातात आणि दिवेलागणीला बाहेर येतात. भांडणं होतात. रसवाल्याचं म्हणणं तो मुळात ओढ्यातला आहे, परिस्थितीने झाडावर गेला.

आतोबांना यातलं काही आवडत नाही. त्यांनी पाटीवर "धर्मशाळा" असं लिहून ठेवलं आहे.

तुझी
आत्या


८ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. रसवाल्याला सांग, ओढ्यातल्यांचा हेवा करण्यासारखं काही नाही. ओढा सावलीत आहे तोवरच त्यांचं बरं चालतं. काठची झाडं तुटली की त्यांच्याजवळ दुसरं काहीच नसतं, ना चिवटपणा ना बीळ.

टबातल्या पिल्लांकडे आता लक्ष दे. त्यांना पुढचे पाय फुटायची वेळ झाली आहे. या दिवसांत शेपूट आत विरत जातं, कल्ले जातात आणि फुप्फुसं अजून नीट चालत नसतात. तोंडाचा आकार बदलत असतो म्हणून खाता येत नाही. धड पोहता येत नाही, धड उडी मारता येत नाही. सगळ्या आयुष्यात बेडूक उन्हाला इतका कच्चा क्वचितच असतो. लहानपणी सोसलेलं ऊन त्याला या दिवसांत सोसत नाही. टब भिंतीकडे सरकव, आत एक दगड तिरका ठेव म्हणजे चढून बसता येईल, आणि त्यांना हलवू-बोलवू नका. काही होत नाहीये असं वाटतं, पण आत सगळं होत असतं.

आणि आत्या, ड्रायव्हर म्हणाला की कारखाना विकायला काढलाय आणि तिथे समारंभाचं सभागृह होणार आहे. तो बडबड्या आहे हे मला माहीत आहे. तरी विचारते.

तुझी
ठकी


१५ मे

चि. ठके,
तुला सगळं मिळो, फक्त माझ्या नवऱ्यासारखा नवरा सोडून.

ड्रायव्हर खरं बोलला. आतोबांनी मला न विचारता सभागृहवाल्याला शब्द दिला. कंप्रेसर म्हातारा झाला, आपणही झालो, हा उन्हाळा शेवटचा, असं ते म्हणाले. मी म्हणाले, मग माझ्याशी बोलू नका. त्यांनी ते शब्दशः घेतलं. तेव्हापासून पाटी.

परवा सभागृहवाला जागेची मापं घ्यायला आला. भर दुपारी टेप घेऊन गच्चीवर चढला. मी सांगितलं, ऊन उतरू दे. म्हणाला, सवय आहे. थोड्या वेळाने वरून काही तरी पडल्याचा आवाज आला. आम्ही वर गेलो तर तो पालथा पडलेला, अंग कोरडं आणि तापलेलं, काहीबाही बरळत होता. मला तुझं काम आठवलं. मी शिंप्याला म्हणाले, याला उताणा करा. केला. सगळे वाट बघत उभे राहिलो. तो काही सुलटा झाला नाही. तेव्हा मी म्हणाले, हद्द झाली, गार पाण्यात घ्या. चौघांनी उचलून खाली आणला, बर्फाच्या पाण्यात भिजवलेली पोती त्याच्यावर घातली, दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या की तुम्ही योग्य केलंत, फक्त उताणा करून थांबायची गरज नव्हती. आता तो बरा आहे. रोज येतो. त्याची साक्ष चालू आहे.

तुझं पिल्लांबद्दलचं मी मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्यांना उत्सुकता असते म्हणून. आतोबा दारात उभे होते. वाचताना मी त्यांच्याकडे बघितलं. कारखाना सुटत नाही आणि चालवता येत नाही, हल्ली जेवणात लक्ष नाही, चिडचिड करतात. मी इतके दिवस समजत होते की हा माणूस हट्टाला पेटलाय. तसं नसावं बहुतेक. मी त्यांची खुर्ची भिंतीकडे सरकवली. त्यांनी पाटीवर काही लिहिलं नाही, पण बसले.

आणि एक. परातीतल्या दगडाखाली जोडीने काही तरी घातलंय. साबुदाण्याच्या लगद्यासारखं दिसतं. हे अपेक्षित होतं का?

फाटकाचं रंगकाम झालं का? ड्रायव्हर म्हणतो, रंग कुठेच दिसत नाही.

तुझी
आत्या


१८ मे

प्रिय आत्या,

ती अंडी आहेत. अपेक्षित नव्हतं. केंद्रात आम्ही दोन वर्षं प्रयत्न केले, कृत्रिम धबधबा केला, अंधार केला, ओढ्याचा आवाज वाजवला. काही झालं नाही. तू परात ठेवलीस आणि भोवती साक्षीदार बसवलेस.

नीट ऐक. बेडूक उडी मारून सावलीत जातो, गरगरीत जमिनीत जातो, अंडं कुठेच जात नाही. जिथे घातलं तिथे जे ऊन येईल ते त्याचं. ओढ्यातल्या जातीचं अंडं म्हणजे तर सगळ्यात कच्चं. सोबत पाण्याचा तापमापक पाठवतेय, त्यावर लाल रेघ मारली आहे. पारा रेघेच्या वर गेला नाही पाहिजे. परात हलवू नकोस.

फाटकाला रंग नाही. केंद्र बंद झालं. सर म्हणाले की उन्हाबद्दल जे कळायचं ते कळलंय, आता बेडूक सोडून द्या आणि खोल्या रिकाम्या करा. कुठे सोडू? त्यांच्या ओढ्यावर आता रस्ता आहे. म्हणून तुझ्याकडे पाठवले. यंत्र वगैरे काही यायचं नाहीये. सध्या मासळीवाल्याच्या ओट्यावर बसून त्याची बिलं लिहून देते. त्याचा बर्फ चांगला आहे.

तू कारखाना जोरात चालू आहे म्हणालीस आणि मी यंत्र नीट होतंय म्हणाले. आपण दोघी एकाच घरातल्या आहोत खऱ्या.

तुझी
ठकी


२७ मे

चि. ठके,

आज आशीर्वाद शेवटी देते, आधी सांगायचं सांगते.

मंगळवारी वीज गेली. सगळीकडचीच गेली, तारा तापून लोंबल्या म्हणे. कंप्रेसर थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याच कारखान्यात माणसांचं बोलणं ऐकू आलं, आणि ते मुख्यतः रसवाल्याचं होतं. कोठारात लाद्या होत्या, पण सकाळीच दवाखान्याची गाडी आली. त्यांच्याकडे ऊन लागलेले पेशंट जमिनीवर झोपवले होते. अर्ध्याहून जास्त बर्फ त्यांनी नेला. त्यांना नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत गार लागेनाशी झाली. उरलेल्या लाद्या मी परातीच्या मागे रचल्या. तरी पारा चढायला लागला. खोलीत सगळे साक्षीदार त्या तापमापकाकडे बघत होते. पारा लाल रेघेला टेकायला नखभर राहिला होता.

निरीक्षकसाहेबांची बायको एकदम म्हणाली, "इथे जे ऊन आहे ते आपलंच आहे. इतकी माणसं, प्रत्येक जण एकेक चूल." आणि उठायला लागली. मी तिला उठू दिलं नाही. म्हटलं, तू अंड्यांच्या बाजूची, तू बसायचं. तिला एक लादी देऊन भुश्याच्या खोलीत बसवलं. मुख्याध्यापकांनी भुश्यातून उठून जागा दिली आणि न सांगता उन्हात चालू लागले. मग शिंपी उठला. मग पोस्टमन. साहेबांनी फाइल बंद करून सगळ्या साक्षी तहकूब झाल्याचं जाहीर केलं आणि स्वतः बाहेर गेले. रसवाला जाताना परातीकडे बघून म्हणाला, मी झाडावरचाच आहे, मला काय होतंय.

सभागृहवाला शेवटपर्यंत बसून होता. त्याला उन्हाची धास्ती बसली आहे, ते मी समजू शकते.  बऱ्याच वेळाने त्याने खुर्ची उचलली आणि बाहेर भिंतीच्या सावलीत जाऊन डोक्यावर ओलं पोतं घेऊन बसला. त्याच्या बाजूला सगळे ओळीने तसेच बसले होते, पोती पांघरून. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. कुणी विचारलं तर शिंपी सांगायचा, आत अंडी आहेत.

मी एकटी आत परातीपाशी. आतोबा दार लोटून आले. खोलीभर बघितलं, पाटी शोधली, पाटी मी परातीला आडोसा म्हणून लावली होती. मग ते म्हणाले, "खिडकीचं पोतं सुकलंय."

मी म्हणाले, "दिसतंय मला."

त्यांनी पोतं काढलं, भिजवलं, पुन्हा लावलं. ते सुकेपर्यंत दुसरं भिजवून आणलं. असं वीज येईपर्यंत चाललं. पारा रेघेला टेकला, पण वर गेला नाही. मधेच ते म्हणाले की कंप्रेसरचा पट्टा बदलला तर अजून काही वर्षं चालेल. मी काही उत्तर दिलं नाही, नाही तर पुन्हा गप्प बसायचे.

काही अंडी पांढरी पडली. बाकीच्यांत काल काळे ठिपके वळवळताना दिसले. टबातल्या पिल्लांची शेपटं गेली, दगडावर चढून बसलीत. गरगरीत महाराज एवढ्या सगळ्यात वर आलेच नाहीत. चिठ्ठी अजून तीच आहे.

आता आशीर्वाद. ऊन लागू नये तुला.

तुझी
आत्या


२ जून

प्रिय आत्या,

मी हे पत्र मासळीवाल्याला वाचून दाखवलं. तो आत जाऊन तोंड धुऊन आला.

पण वाईट बातमी आहे. पोती पांघरून बसलेल्या तुमच्या लोकांचा फोटो अंड्यांच्या बातमीसकट वर्तमानपत्रात आला आणि तो सरांनी पाहिला. जगात कुणाला जमलं नाही ते आमच्या केंद्राने केलं, असं ते आता सगळ्यांना सांगताहेत. केंद्र पुन्हा उघडणार आहेत, उद्घाटनाला पाहुणे येणार आहेत, आणि बेडूक, अंड्यांतली पिल्लं, सगळं परत पाठवा असं लेखी पत्र त्यांनी मला दिलंय. मालकी केंद्राची आहे हे खरं. मी विचारलं, थंड ठेवायच्या यंत्राचं काय? म्हणाले, खिडक्या आहेत ना.

तुमचा कारखानाही जाणारच असेल, तर ठेवणार तरी कुठे? रविवारी मी सरांचं पत्र घेऊन ड्रायव्हरबरोबर येते. मला दुसरं काही सुचत नाही.

तुझी
ठकी


५ जून

चि. ठके,
मनासारखं होवो, आणि होईपर्यंत दम निघो.

सरांचं पत्र आणू नकोस, उपयोग नाही. तुझं पत्र मी निरीक्षकसाहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे पुरावा हलवणार?"

त्यांनी त्याच दिवशी सगळे बेडूक जप्त केले. बर्फात बेडूक निघाल्याच्या तक्रारीतला मुद्देमाल म्हणून. हिरवा मुख्य, बाकीचे संशयित. काळे ठिपके जप्तीनंतर पोहायला लागले तर ते कुणाचे, यावर खात्यात चर्चा झाली आणि तेही सरकारकडे जमा धरायचं ठरलं. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे जप्त मुद्देमाल जिथे आणि ज्या अवस्थेत सापडला तिथे आणि त्याच अवस्थेत निकालापर्यंत ठेवावा लागतो. म्हणजे खोली हीच, भिंत गार, आणि भिंत गार राहायची तर मागे कंप्रेसर चालू. साहेबांनी आतोबांना तसं लेखी बजावलं आहे. आतोबांनी नवा पट्टा मागवला.

सभागृहवाल्याने हरकत घेतली नाही. तो स्वतःच साक्षीदार असल्याने प्रकरणात गुंतलेली जागा त्याला घेता येत नाही, असं त्यानेच शोधून काढलं. साक्षीदारांची संख्या इतकी आहे की सुनावणी लवकर संपायची शक्यता नाही. पहिली तारीख हिवाळ्यातली मिळाली होती. ती फार घाईची होते म्हणून साहेबांनी हरकत घेतली. आरोपी या नात्याने मला विचारलं. मी म्हणाले, माझी काही तक्रार नाही, सावकाश होऊ द्या.

आता तुझं. जिवंत मुद्देमालाची देखभाल करायला जाणकार माणूस नेमावा लागतो. पगार खातं देतं, फार नसतो. साहेबांनी विचारलं, असं कुणी आहे का. सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा रविवारी ये, पण सामान घेऊन ये. पाणी कोमट करायचं ते यंत्र आणू नकोस, इथे कुणी उताणं व्हायला तयार नाही.

सकाळपासून मागच्या बाजूने धूळ येते आहे. आतोबा तुझ्यासाठी खोली झाडताहेत. मी सांगितलेलं नाही.

तुझी
आत्या